पाठकोऱ्या कागदांचा खण

आमच्या लिहायच्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण बेवारशी आहे. मुद्दाम त्यात कुणी काही ठेवत नाही, पण टाकवत नाही असं सगळं तिथे जाऊन पडतं. शेवटच्या घटका मोजणारी स्केचपेनं, बोटभर उरलेल्या पेन्सिली, कंपासपेटी हरवल्यावर मागे राहिलेला एकटा गुण्या, एकमेकींत अडकलेल्या यू-पिनांचा पुंजका, चिकट व्हायला लागलेले रबरबँड. आणि या सगळ्याच्या खाली पाठकोऱ्या कागदांचा जाडजूड गठ्ठा. प्रिंटरमधून चुकून दोनदा निघालेली पानं, रद्द झालेल्या तिकिटांच्या प्रती, कुठल्याशा बैठकीचे मुद्दे. ‘मागची बाजू चांगली आहे की’ एवढ्या एका वाक्याच्या जोरावर हे कागद वर्षानुवर्षं तगून आहेत.

गेल्या सुट्टीत बहिणीची दोन्ही मुलं आठवडाभर माझ्याकडे होती. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी सात. मी तयारीत होते. एक मोठा खोका आणून ठेवला होता, त्यावर ठळक अक्षरांत ‘शैक्षणिक’ असं लिहिलेलं. आत एक यंत्र. ते प्रश्न विचारायचं, उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजवायचं, चुकलं की हिरमुसल्यासारखा आवाज काढायचं. पहिला तास टाळ्यांमध्ये गेला. दुसऱ्या तासात धाकटीनं मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायला सुरुवात केली, कारण तो हिरमुसला आवाज तिला टाळ्यांपेक्षा जास्त आवडला होता. तिसऱ्या तासाला खोका पलंगाखाली गेला आणि दोघं बेवारशी खणापाशी जाऊन बसली.

त्यांना सापशिडी खेळायची होती. पट मिळाला, फासा नव्हता. थोरल्यानं खणातून एक षटकोनी पेन्सिल काढली, तिच्या सहा बाजूंवर पेनानं एक ते सहा आकडे लिहिले आणि ती टेबलावर घरंगळत सोडली. थांबली की वरच्या बाजूचा आकडा घ्यायचा. मला हे कधी सुचलं नव्हतं. मी इतकी वर्षं तिच्यानं फक्त लिहीत आले.

दोन डाव झाले आणि धाकटी चिडली. तिचं म्हणणं, दादाच्या पेन्सिलीला सारखा चारच पडतो. थोरल्यानं ते मनावर घेतलं. पाठकोरा कागद घेतला, सहा रकाने आखले आणि पेन्सिल साठ वेळा सोडली. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, अशी मोजणी. प्रत्येक आकडा दहा वेळा यायला हवा, हा त्याचा हिशेब. चार आला चौदा वेळा, दोन फक्त सात वेळा. धाकटीनं मोठ्या समाधानानं माझ्याकडे पाहिलं.

माझ्या जिभेवर ‘संभाव्यता’ हा शब्द आला होता. साठ फेकांत एवढा फरक सहज पडतो, त्यानं पेन्सिल खोटी ठरत नाही, हेही लगेच सांगून टाकणार होते. पण फोन वाजला आणि मी उठून गेले. परत आले तेव्हा दुसऱ्या साठ फेकांचा कागद भरत आला होता. या वेळी चार नऊ वेळा आला. थोरला बराच वेळ दोन्ही कागद शेजारीशेजारी धरून बसला होता. मग म्हणाला, “म्हणजे पेन्सिल खोटी नाहीये. पण खरी आहे असं पण म्हणता येत नाहीये ना?”

मी म्हटलं, “हं.”

त्या ‘हं’वर मी नंतर पुष्कळ विचार केला. खोक्यातलं यंत्र दर दहा सेकंदांनी निकाल देत होतं. पेन्सिल निकाल देत नव्हती, ती फक्त पडत होती. निकाल लावायचा तर त्यानं तिच्याकडे बघत बसायला हवं होतं, आणि तो बसला, कारण भांडण खरं होतं. आणि मी फोनवर होते. मी खोलीत असते तर हे घडलं नसतं, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

खात्री असायला कारण आहे. दुसऱ्याच दिवशी मी खोलीत होते.

मोबियसची पट्टी हा माझा लाडका खेळ. कागदाची एक लांब पट्टी कापायची, एका टोकाला अर्धा पीळ द्यायचा, दोन्ही टोकं डिंकानं चिकटवायची. झालेल्या कड्याला एकच बाजू असते. मी दोघांना समोर बसवलं, पट्टी तयार केली आणि बोलत सुटले. बघा, याला एकच बाजू आहे, एकच कड आहे, हे फार मोठं आश्चर्य आहे, एका गणितज्ञानं शोधलं, आता मी पेन्सिलीनं रेघ ओढते, बघा कशी सगळीकडून फिरून परत येते, आता मी कापते, बघा, दोन झाली नाहीत, एकच मोठं कडं झालं. धाकटीनं जांभई दिली. थोरला म्हणाला, “छान आहे.” हा शब्द मुलं कशासाठी वापरतात ते आपल्याला ठाऊक आहे.

त्या रात्री मी ते कडं हातात घेऊन बसले. सगळं बरोबर सांगितलं होतं. आश्चर्यसुद्धा माझं मीच वाटून घेतलं होतं, त्यांच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं.

दोन दिवस मध्ये जाऊ दिले. मग पाठकोऱ्या कागदाच्या तीन-तीन सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून टेबलावर ठेवल्या, शेजारी कात्री आणि डिंक, आणि मी वर्तमानपत्र उघडलं. धाकटी आलीच. तिला मुकुट करायचा होता. एका पट्टीला तिच्याकडून नकळत पीळ पडला. कोरी बाजू बाहेर येईल असं तिनं ठरवलं होतं, पण मध्येच छापील अक्षरं दिसायला लागली. “मावशी, हे कोरं-कोरं चालू होतं आणि एकदम लिहिलेलं आलं.” पाठकोऱ्या कागदाचा हा फायदा मला तोपर्यंत कळलाच नव्हता. दोन्ही बाजूंनी कोऱ्या कागदाची पट्टी केली तर बाजू कुठे बदलली ते दिसत नाही. इथे सांध्यापाशी कोऱ्याला छापील भिडलेलं असतं. तिनं पेन्सिल टेकवली, उचलायची नाही असं ठरवून रेघ ओढत गेली, बैठकीच्या मुद्द्यांवरून फिरून पुन्हा कोऱ्या बाजूच्या सुरुवातीला आली आणि तिथेच बसून राहिली.

मी वर्तमानपत्राआडून विचारलं, “त्या रेघेवरून कापलं तर किती मुकुट होतील?”

परवा मी हेच कापून दाखवलं होतं. तरीही दोघं म्हणाली, “दोन!” परवाचं काहीही आत गेलेलं नव्हतं. कापलं. एकच झालं, दुप्पट लांबीचं. थोरला म्हणाला, “तू रेघ सोडून कापलंस,” आणि स्वतः नवीन पट्टी घेतली. पुन्हा एकच. मग त्यानं तेच लांब कडं पुन्हा मधोमध कापलं. या वेळी दोन झाली, पण एकमेकांत अडकलेली. आता त्यांना थांबवणं माझ्या हातात नव्हतं. नव्या पट्टीत मधोमध न कापता कडेपासून एक तृतीयांश अंतरावर कात्री चालवली तर ती पट्टीभोवती दोनदा फिरते, आणि शेवटी हातात येतात दोन कडी: एक जेवढ्यास तेवढं, दुसरं दुप्पट लांब, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेली. टेबलाखाली कात्रणांचा ढीग झाला. धाकटीच्या डोक्यावर शेवटी जो मुकुट बसला तो दोन घेर घेऊन बसला.

मग थोरल्यानं विचारलं, “हे पहिल्यांदा कुणी कापलं असेल?” आता माझ्याकडच्या माहितीला गिऱ्हाईक मिळालं. १८५८ साली ऑगस्ट मोबियस आणि योहान लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांनी ही पट्टी स्वतंत्रपणे शोधली. छापून आधी लिस्टिंगचं आलं, १८६१ मध्ये. मोबियसचं आलं १८६५ मध्ये. नाव मात्र मोबियसचं पडलं. थोरल्याला हा उघड अन्याय वाटला. मी सांगितलं की लिस्टिंगला ‘टोपोलॉजी’ (वस्तू ताणली-वाकवली तरी न बदलणाऱ्या गुणांचं गणित) या शब्दाचं श्रेय मिळालं, १८४७ मध्ये त्यानंच तो पहिल्यांदा छापून वापरला. त्यावर तो म्हणाला की शब्द मिळणं आणि पट्टी मिळणं यात फरक आहे. मला वाद घालता आला नाही.

‘खेळातून शिक्षण’ या शब्दप्रयोगाची मला थोडी चीड आहे, ती इथेच सांगून टाकते. त्यात खेळ म्हणजे कडू गोळीवरचा साखरेचा थर. मुलांना तो थर चाटून गोळी थुंकून टाकता येते, आणि ती टाकतात. खेळ हीच गोळी असावी, हा विचार नवाही नाही. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी जी शाळा काढली, ज्यातून पुढे किंडरगार्टन हा शब्द जगभर गेला, तिथल्या उद्योगांमध्ये कागदाच्या घड्या घालणं होतं. त्या साहित्यावरून सुचून १८९३ मध्ये मद्रासच्या टी. सुंदरराव यांनी निव्वळ कागद दुमडून भूमिती करण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात कंपास लागत नाही, पट्टी लागत नाही. घडी हीच रेघ. आणि घडी चुकली तर कोपरे जुळत नाहीत, ते सांगायला मोठं माणूस लागत नाही.

त्यावरून ए-फोर कागदाची गंमत. खणातले जवळजवळ सगळे कागद याच मापाचे, २१० मिलिमीटर गुणिले २९७. एवढी विचित्र मापं कशाला, असं थोरल्यानं पट्टी लावून विचारलं. मी त्याला कागद मधोमध दुमडायला लावला. अर्धा झाला तरी त्याची ठेवण तीच, फक्त आकार लहान. पुन्हा दुमडला, तरी तीच. दुसऱ्या कुठल्याही ठेवणीच्या कागदाला हे जमत नाही, एकदा लांबुडका होतो, एकदा चौकोनाकडे झुकतो. लांबी आणि रुंदीचं गुणोत्तर दोनच्या वर्गमुळाएवढं असेल तरच जमतं. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग लिश्टेनबर्ग यांनी १७८६ सालच्या एका पत्रात या कागदाचा गुण लिहून ठेवला होता आणि १९२२ मध्ये जर्मनीत तेच अधिकृत माप झालं. पट्टी न लावता हे तपासता येतं. कागदाचा एक कोपरा असा दुमडायचा की आखूड कड लांब कडेवर बसेल. तिरकी घडी पडते. ती घडी एका कागदाची, आणि लांब कड दुसऱ्या कागदाची, शेजारी ठेवून बघायची. केसाचाही फरक नाही. अकरा वर्षांच्या मुलाला वर्गमूळ कळलं का? नाही. त्यानं सात-आठ कागदांवर हे करून बघितलं, एवढं नक्की.

पण खरी मजा पुढे आली. कागदाच्या वेष्टनावर ‘८० जीएसएम’ असं छापलेलं असतं. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ऐंशी ग्रॅम. ए-झिरो हा याच ठेवणीचा मोठा कागद, बरोबर एक चौरस मीटरचा, आणि त्याला चार वेळा अर्धा केला की ए-फोर, म्हणजे सोळावा हिस्सा. ऐंशीला सोळानं भागा. एक पान पाच ग्रॅमचं. खणात पाच-पाच ग्रॅमची शेकडो वजनं पडून होती आणि आम्हाला माहीत नव्हतं.

तराजू करायला काय लागतं? एक पेन्सिल आडवी, तिच्यावर तीस सेंटीमीटरची पट्टी, पंधराच्या खुणेवर तोललेली. एका टोकाला खोडरबर, दुसऱ्या टोकाला घट्ट घडी घातलेली पानं. खोडरबर तीन पानांना उचलत होता, चार पानांनी स्वतः उचलला जात होता. म्हणजे मधे कुठेतरी. थोरल्यानं एक पान अर्धं फाडलं. साडेतीनला रबर अजून जडच. अर्ध्याचं पुन्हा अर्धं, पाव पान घातलं आणि पट्टी आडवी झाली, थरथरत का होईना. पावणेचार पानं! पाव, अर्धा, पाऊण हे शब्द त्यानं घड्याळासाठी शिकले होते, आता ते वजनं होते. पाचाला पावणेचारनं गुणायला कागदच घ्यावा लागला: पावणेएकोणीस ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, काटा म्हणाला एकोणीस. इतका आनंद मी त्या पोराच्या चेहऱ्यावर कुठल्याही टाळ्यांनी आलेला पाहिला नव्हता. काटा चुकीचा आहे, असं त्याचं मत पडलं.

आता धाकटीचा डाव. तिनं स्वतःचा खोडरबर लावला, आणि तो दादाच्या रबरापेक्षा जड ठरायला हवा होता. ठरेना. मग तिनं हळूच दादाचा रबर टोकावरून मधल्या पेन्सिलीकडे सरकवला. तो एकदम हलका झाला. थोरला ओरडला, “ही ढकलतेय!” मी वर्तमानपत्र खाली केलं नाही. पाच मिनिटांनी भांडणाची जागा मोजणीनं घेतली होती. टोकापर्यंतच्या अंतराच्या निम्म्यावर रबर आणला की निम्मी पानं पुरतात. तरफेचा नियम लबाडीतून सापडू शकतो, हे मला कुठल्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. पट्टीवर आकडे आयते छापलेले असल्यामुळे लबाडी किती सेंटीमीटरची तेही कळत होतं.

कागदाची जाडी मोजायचा उद्योग त्याच दुपारचा. एका पानाची जाडी पट्टीनं मोज, असं मी थोरल्याला सांगितलं. त्यानं डोळे बारीक करून बघितलं आणि पट्टीवर तेवढ्या बारीक रेघाच नाहीत म्हणून तक्रार केली. धाकटी म्हणाली, “खूप सारे एकदम मोज ना.” न फोडलेला पाचशे पानांचा गठ्ठा होता, तो साधारण पाच सेंटीमीटर भरला. म्हणजे शंभर पानं एक सेंटीमीटर, एक पान मिलिमीटरचा दहावा हिस्सा. मग ओघानं ती जुनी पैज आली, कागद सातपेक्षा जास्त वेळा दुमडून दाखव. सहाव्या घडीला दोघं त्यावर उभी राहिली. सातव्या घडीला १२८ थर होतात, जवळजवळ तेरा मिलिमीटर, आणि तोवर कागदाचा काड्यापेटीएवढा ठोकळा झालेला असतो. सात ही काही दगडावरची रेघ नव्हे; ब्रिटनी गॅलिव्हन या अमेरिकन विद्यार्थिनीनं २००२ मध्ये सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा पातळ कागद एकाच दिशेनं बारा वेळा दुमडून दाखवला होता. तिनं आधी गणित केलं, मग तेवढा लांब कागद शोधला.

आमच्याकडे एवढा कागद नव्हता, दुप्पट करायला पेन्सिल होती. थोरल्यानं पाठकोऱ्यावर एकाखाली एक आकडे मांडले. दहाव्या घडीला दहा सेंटीमीटर, विसाव्या घडीला शंभर मीटरच्या वर, सत्ताविसाव्या घडीला एव्हरेस्ट कुठल्या कुठे खाली राहिलं. मध्ये दोनदा हातचा विसरला आणि सगळं खोडून पुन्हा केलं. बेचाळिसाव्या घडीला चार लाख चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ पोचला, म्हणजे चंद्राच्या पलीकडे. त्याची आई म्हणते की त्याला गुणाकार-बेरजांचा कंटाळा आहे. असेल.

सगळंच असं जमलं असं समजू नका. मी जाड पुठ्ठ्यावर ओळीत टाचण्या ठोकून रबरबँडनं आकार करायची पाटी बनवली होती. त्यासाठी गणितज्ञ गेऑर्ग पिक यांचं १८९९ सालचं सूत्र घासूनपुसून तयार ठेवलं होतं. आतल्या टाचण्या मोजा, कडेवरच्या टाचण्या मोजून निम्म्या करा, दोन्हींची बेरीज करून एक वजा करा, झालं क्षेत्रफळ. कितीही वाकडातिकडा आकार असू दे, कोपरे टाचण्यांवर असले आणि रबर स्वतःला ओलांडत नसला की पुरे. काय सुंदर सूत्र आहे! दोन मिनिटांत रबरबँडांची लढाई सुरू झाली. मी उशी घेऊन टेबलाखाली. पिकसाहेबांचं सूत्र आजही माझ्या वहीत तसंच आहे. युद्धविरामाच्या काळात धाकटीला एक शोध मात्र लागला. रुंद रबरबँड झटकन ताणून वरच्या ओठाला लावला तर कोमट लागतो, सैल सोडून लावला तर गार. तिनं तो माझ्या ओठाला लावून दाखवला. मी डोळे मिटून घेतले होते, कारण लढाईत ती कोणत्या बाजूला होती ते मला आठवत होतं.

स्केचपेनांचं थोडक्यात. मरायला टेकलेल्या काळ्या स्केचपेनानं टिश्यू कागदाच्या पट्टीवर खालून दोन बोटं सोडून जाड ठिपका काढायचा, पट्टीचं टोक पाण्यात, ठिपका पाण्याच्या वर. पाणी चढतं आणि काळ्यातून निळा, जांभळा, कधी पिवळा वेगळा होत जातो. बॉलपेनाची शाई पाण्यात हलत नाही, तिच्या नादी लागू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं पानांमधले रंग याच तत्त्वावर वेगळे केले, त्यानं कागदाऐवजी खडूची पूड भरलेली नळी वापरली. त्या पद्धतीच्या नावाचा, क्रोमॅटोग्राफीचा, अर्थ ‘रंगलेखन’, आणि रशियन भाषेत ‘त्स्वेत’ म्हणजेही रंग. दोन कंपन्यांची काळी स्केचपेनं वेगवेगळ्या रंगांत फुटतात, तेव्हा कोणी कुठल्या पेनानं भिंतीवर लिहिलं याचा तपास करता येईल, असं थोरल्यानं सुचवल्यावर धाकटीनं तो प्रयोग बंद पाडला.

संध्याकाळी मात्र फक्त एक कागद आणि दोन पेन्सिली. ठिपक्यांचे डबे सगळ्यांना माहीत आहेत: ठिपके मांडायचे, पाळीपाळीनं शेजारचे दोन जोडायचे, ज्याच्या रेघेनं डबा पुरा होईल त्याचा डबा आणि त्याचीच पुढची पाळी. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं १८८९ मध्ये हा खेळ लिहून ठेवला. मला त्यातली एक खोच येते आणि मी दोन दिवस निर्लज्जपणे जिंकत होते. मुलांशी खेळताना मुद्दाम हरावं असं मला वाटत नाही. त्यांना ते कळतं, आणि मग आपल्या हरण्याला काही किंमत राहत नाही. खोच अशी. समोरच्यानं पाच डब्यांची ओळ उघडून दिली की मोह होतो पाचही घ्यायचा. घेतले की पुढची रेघ आपल्यालाच ओढावी लागते आणि त्याहून मोठी ओळ त्याच्या घशात जाते. म्हणून तीन घ्यायचे आणि टोकाची रेघ ओढून शेवटचे दोन सोडून द्यायचे. तो एका रेघेत दोन डबे मिळवतो, खूश होतो, आणि मग पुढची ओळ उघडायची वेळ त्याच्यावर येते. तिसऱ्या संध्याकाळी थोरल्यानं माझ्यासमोर दोन डबे सोडले. मला वाटलं, दिसले नाहीत. मी ते घेतले आणि वर पाहिलं तर तो ओठ दाबून हसू आवरत होता. त्या डावात त्यानं मला अकरा डब्यांनी हरवलं.

धाकटीला डबे आवडेनात, तिचा हात सरळ रेघ मानत नाही. तिच्यासाठी कोंबांचा खेळ काढला. जॉन कॉनवे आणि मायकेल पॅटर्सन या गणितज्ञांनी तो १९६७ मध्ये केंब्रिजमध्ये तयार केला. दोन-तीन ठिपके काढायचे. आपल्या पाळीला दोन ठिपके, किंवा एका ठिपक्याला त्याच्याशीच, हव्या तशा वळणाच्या रेघेनं जोडायचं आणि त्या रेघेवर कुठेतरी नवा ठिपका टाकायचा. रेघ कुठल्याही रेघेला छेदायची नाही. एका ठिपक्याला तीनपेक्षा जास्त रेघा लागायच्या नाहीत. ज्याला रेघ काढता येणार नाही तो हरला. दर पाळीला नवा ठिपका जन्मतो, तेव्हा हा खेळ संपणारच नाही असं मुलांना वाटतं. आमच्याकडे धाकटीनं ठिपक्यांना ‘तीन जीव’ दिले, रेघ लागली की एक जीव गेला. मग मोजणी तिच्याच तोंडून झाली: “एक रेघ काढली की दोन जीव जातात. नवीन ठिपका येतो पण त्याचे दोन गेलेलेच असतात, एकच उरतो. म्हणजे एक कमीच होतो!” तीन ठिपक्यांचे नऊ जीव, दर रेघेला एक कमी, आणि शेवटच्या एका जीवावर रेघ निघत नाही. म्हणून जास्तीत जास्त आठ रेघा. सात वर्षांच्या मुलीनं दिलेली ती सिद्धता होती. तिला तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं ‘म्हणजे काय’ विचारलं असतं आणि मी अर्धा तास बोलले असते.

आठवडा संपला, मुलं गेली. खण आवरायला घेतला तर त्यात आकडे लिहिलेली पेन्सिल, फाडलेली पाव पानं ‘सव्वा ग्रॅम’ अशी नावं घालून, आणि पलंगाखालून ओढून आणलेल्या खोक्यातल्या यंत्राचे सेल. यंत्राचे सेल का काढले असतील ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

चार दिवसांनी रात्री धाकटीचा फोन.

“मावशी, आज मी पट्टीला अजून एक पीळ दिला. दोन झाले. तर कोऱ्याला कोरंच चिकटलं, लिहिलेल्याला लिहिलेलं.”

“बरं मग?”

“मग ते मधे कापलं तर परत एकच मोठं होईल का?”

मला उत्तर माहीत होतं. जिभेच्या टोकावर होतं, नेहमीसारखं.

“कात्री कुठाय तुझी?” मी विचारलं.

“थांब,” ती म्हणाली. फोन कशावर तरी आपटला आणि लांबून खण उघडल्याचा आवाज आला.